कशावर दळलंय?

वसुबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला, आपल्याकडच्या अनेक घरांतल्या बायका गहू खात नाहीत. मूगही नाही. गाय-वासराची पूजा करायची, दूध-तूप त्या दिवसापुरतं वर्ज्य करायचं आणि संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाऊन उपवास सोडायचा. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशीला नैवेद्य धने-गुळाचा. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या आणि बत्तासे. कोकणात आणि गोव्यात नरकचतुर्दशीच्या पहाटे पोहे. दिवाळीत देवापुढे काय काय ठेवतो याची यादी करत गेलं तर गहू फारसा सापडतच नाही. यमदीपदानाचा कणकेचा दिवा तेवढा असतो, पण तो दक्षिणेला तोंड करून ठेवायचा असतो, खायचा नसतो.

गहू येतो तो पाहुण्यांच्या ताटलीतून. शंकरपाळे, करंज्या, चिरोटे, रव्याचे लाडू. देवाला गव्हावाचून चालतं, शेजारच्या काकूंना चालत नाही. ज्या घरात सिलिअ‍ॅकचा रुग्ण आहे, म्हणजे ज्याला गहू चालतच नाही असं माणूस आहे, त्या घराची दिवाळीतली खरी पंचाईत इथे आहे. पाककृती मिळतात, पीठ मिळतं, यूट्यूबवर तर हवं ते मिळतं. अवघड जातं ते दारात आलेल्या ताटाला नको म्हणणं.

सिंहगड रस्त्यावरच्या एका घरात मी हे जवळून पाहिलं. मुलगी आता नववीत आहे. तिसरीत असताना तिची उंची वाढेना, लोहाची औषधं कितीही दिली तरी हिमोग्लोबिन वर सरकेना. जंत झाले असतील, खात नाही नीट, हडकुळीच आहे, असं सगळं म्हणून झालं. शेवटी रक्ताची एक तपासणी आणि मग दुर्बिणीतून छोट्या आतड्याचा तुकडा काढून केलेली बायोप्सी, यातून निदान झालं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्नरस शोषला जातो. सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती त्या लवेवरच उलटते आणि ती झडत जाते. लोह शोषलं जातं ते नेमकं छोट्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, त्यामुळे गोळ्या पोटात जाऊनही रक्तात काही उतरत नाही. ग्लुटेन हे गहू, जव आणि राय या धान्यांतलं प्रथिन. त्यावर गोळी नाही, लस नाही. ते जन्मभर खायचं नाही, एवढाच उपचार.

हे कळलं कसं, त्याची हकिगत युद्धाच्या काळातली आहे. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला १९३०च्या दशकातच पावाचा संशय आला होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भयानक उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, लोक ट्यूलिपचे कंद खाऊ लागले. अशा दिवसांत ही आजारी मुलं मात्र सुधारताना दिसली. १९५० साली उट्रेख्टच्या विद्यापीठात डिकेने आपला प्रबंध सादर केला आणि गव्हावरचा आरोप सिद्ध झाला.

मुलीच्या आजीचं माहेर मंगळवेढ्याचं. ज्वारीचं कोठार म्हणतात तो भाग. निदान झालं तेव्हा आजी काय म्हणाल्या, ते मुलीची आई अजून सांगते. "आमच्या घरी पोळी सणालाच व्हायची. रोजची भाकरी. तेव्हा हिला हे झालंच नसतं, आणि झालं असतं तर कळलं नसतं."

आजींचं म्हणणं शास्त्राच्या बरंच जवळ जातं, पूर्णपणे मात्र नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भारतातल्या तेवीस हजारांवर प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत दर हजारी सुमारे १२ जणांच्या रक्तात सिलिअ‍ॅकच्या खुणा, म्हणजे प्रतिपिंडं, सापडली, दक्षिणेत एकाच्या. उत्तरेतला माणूस दिवसाला सरासरी ४५५ ग्रॅम गहू खात होता, दक्षिणेतला २५ ग्रॅम. इथवर आजी बरोबर. पण ईशान्येत गहू जेमतेम ३७ ग्रॅम, आणि रक्तात या खुणा असलेले हजारी जवळजवळ ९. म्हणजे नुसत्या गव्हाच्या मापाने हिशेब सुटत नाही. या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे लोकसंख्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शात आहेत. त्यातल्या मोजक्यांनाच तो का होतो, हे कोडं आहेच. महाराष्ट्र या अभ्यासात नव्हता. आपण भाकरी आणि पोळीच्या मधल्या पट्ट्यातले, आणि गेल्या दोन पिढ्यांत पोळीकडे सरकलेले.

आपल्या मनात गहू श्रीमंत आहे, हे विसरून चालत नाही. पाहुणे आले की भाकरी मागे पडते आणि पोळपाट बाहेर येतो. जावयाला भाकरी वाढली तर ती बातमी होते. "फक्त भाकरीच खाते हो ती," असं या मुलीबद्दल पहिल्यांदा सांगितलं तेव्हा एका नातेवाईक बाईंनी हळहळून "अरेरे" म्हटलं होतं. आता ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आहे आणि हॉटेलात भाकरीचे दर पोळीच्या वर लागतात, तरी ती हळहळ गेलेली नाही.

तर गिरणीपासून सुरुवात करू, कारण घरच्या तयारीची सुरुवात तिथूनच होते.

गिरणीत उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे की धान्य कशावर दळलं जातं याला महत्त्व असतं. जात्याच्या दगडांत आधीच्या दळणाचं पीठ उरतं आणि पुढच्या डब्यात येतं. म्हणून गिऱ्हाइकं बजावतात, गहू गव्हावरच टाका, हरभऱ्यावर नको, बाजरीवर तर मुळीच नको. पोळी काळी पडते, कडवट लागते. म्हणजे धान्य धान्यात मिसळतं हे ज्ञान आपल्याकडे गल्लोगल्ली आहे. फक्त आजवर ते गव्हाला जपण्यासाठी वापरलं गेलं. इथे उलट हवं होतं. ज्वारी, तांदूळ, भाजणी यांना गव्हापासून जपायचं होतं.

"ताई, दगडातून वाटीभर पीठ तरी पुढच्याच्या डब्यात जाणार. ते काही माझ्या हातात नाही," गिरणीवाले दादा म्हणाले. मग विचार करून त्यांनीच तोड काढली. एकादशीच्या आणि नवरात्राच्या आधी ते एक जातं पूर्ण उघडतात, झाडतात, कपड्याने पुसून काढतात आणि त्यावर सकाळभर फक्त उपासाचं दळतात. राजगिरा, शिंगाडा, वरई, साबुदाणा. "त्या दिवशी या. उपासाचं संपलं की तुमचा तांदूळ, मग ज्वारी, मग भाजणी. गहू दुपारनंतर." गंमत बघा, उपासाच्या पदार्थांच्या या यादीत ग्लुटेन असलेलं एकही धान्य नाही. या मुलीची एकादशी निर्धास्त जाते, घास मोजून खायची पाळी सणाला येते.

आता या घराने छोटी घरघंटी घेतली आहे आणि तिच्यात गहू कधीच पडत नाही. पण सगळ्यांना ती परवडणारी नाही. ज्यांना नाही परवडत, त्यांच्यासाठी गिरणीवाल्याची ओळख हेच औषध. शंकेखोर स्वभाव असेल तर आणखी उत्तम.

शंका किती ताणायची? सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने दिवसाला ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने खाल्लं तरी आतड्याला इजा होऊ शकते, असं एका प्रयोगात दिसलं आहे. एका मध्यम पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे, किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिता येतं. "एखादा शंकरपाळा खाल्ला तर काय होतंय" या प्रश्नाला हे उत्तर आहे. मावश्यांना ते पटेल याची खात्री नाही.

स्वयंपाकघरात शिरल्यावर चोर वेगळे. पहिला चोर हिंग. आपण रोज वापरतो तो हिंग बहुधा बांधानी असतो. अफगाणिस्तान किंवा उझबेकिस्तानातून आलेला उग्र डिंक इथे, हाथरससारख्या ठिकाणी, खाण्याचा डिंक आणि पीठ मिसळून सौम्य करतात. ते पीठ कधी तांदळाचं असतं, पुष्कळदा मैद्याचं. म्हणजे चिवड्यात पोहे तांदळाचे, डाळं हरभऱ्याचं, दाणे, खोबरं, कढीपत्ता, सगळं निर्मळ, आणि फोडणीत चिमूटभर गहू. खडा हिंग घेतला म्हणजे तो शुद्धच असतो असंही नाही. डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचावी लागतात. हाच हिंग पापडात, सांबार मसाल्यात आणि चाट मसाल्यातही असतो. या मुलीच्या आईने वर्षभर फोडणीतून हिंग हद्दपार केला होता. मग तांदळाच्या पिठात बांधलेला मिळाला. "हिंगाशिवाय वरणाला काही अर्थ नाही," हे तिचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे.

दुसरा चोर तळणीचं तेल. बऱ्याच घरांत आधी गोडाचं तळतात, शंकरपाळे, करंज्या, कारण चकलीनंतर तेलाला तिखटाचा वास लागतो. इथे क्रम फिरवला. कोऱ्या तेलात आधी मुलीचं सगळं, ते डब्यात भरून वरच्या फळीवर गेलं की मग बाकीच्यांचं. सोऱ्या वेगळा, कारण जुन्याच्या ताटल्यांच्या भोकांत काय काय अडकलेलं असतं ते देव जाणे. चाळणी वेगळी. लाकडी पोळपाट-लाटणं तर वेगळं हवंच, लाकूड पीठ पिऊन बसतं. तिच्या सगळ्या भांड्यांना लाल दोरा बांधलेला आहे.

आजींना या वेगळेपणाचं काहीच समजवावं लागलं नाही. "म्हणजे सोवळ्यातलं," एवढंच म्हणून त्यांनी डबे लावले. हा शब्द माझ्या कानाला बोचला. माणसांना चार हात लांब ठेवण्यासाठी याच सोवळ्याने किती काय केलं, ते आपल्याला माहीत आहे. पण ओला हात कोरड्या डब्यात जाऊ न देणं, एका भांड्यातला चमचा दुसऱ्यात न घालणं, ही शिस्त त्या घरात आयती तयार होती आणि ती एका पोरीच्या आतड्याच्या कामी आली, हेही खरं. निदान आता ती कुणाला दूर ठेवायला वापरली जात नव्हती.

चकलीबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. चकलीच्या भाजणीत साधारणपणे तांदूळ, हरभरा डाळ, उडीद डाळ, मूग डाळ, धने आणि जिरे एवढंच असतं. गहू नसतो. थालीपिठाच्या भाजणीत मात्र ज्वारी-बाजरीबरोबर गहू हमखास असतो. दोन्ही डब्यांवर नुसतं 'भाजणी' लिहिलेलं असलं की घात झालाच. आणि विकतच्या चकलीवर भरवसा ठेवू नये. मैदा फडक्यात बांधून वाफवायचा आणि त्याच्या चकल्या पाडायच्या, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे. कुरकुरीत होतात, म्हणून दुकानदारांना आवडतात. "मैदा म्हणजे गहू नव्हे ना? रवा चालेल ना?" हे मी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलंय. रवा, मैदा, कणीक, दलिया, शेवया, कुरडई, ही सगळी गव्हाचीच मंडळी आहेत.

मग अनारसे. मी त्या घरी मुद्दाम अनारशांच्या दिवशी गेलो. जुना जाड तांदूळ आजींनी तीन दिवस भिजवला होता, रोज पाणी बदलून. चौथ्या दिवशी उपसून सुती पंचावर सावलीत पसरला. पूर्ण वाळू द्यायचा नाही. मुठीत दाबला तर हाताला गारवा लागला पाहिजे. असा दमट तांदूळ मिक्सरवर बारीक केला, वस्त्रगाळ केला, किसलेला गूळ आणि चमचाभर तूप घालून गोळे वळले आणि डब्यात मुरत ठेवले. मी गेलो तेव्हा ते तयार होते. आजींनी सुपारीएवढी गोळी घेतली, खसखशीवर बोटांनी थापली आणि खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडली. उलटायचा नाही. झाऱ्याने कडेचं तूप वर उडवत राहायचं. कडा फेसाळल्या, मधोमध जाळी पडली.

दुसरा हसला. म्हणजे तुपात विरघळून पसरला. आजी नाही हसल्या. "गूळ जास्त झाला," म्हणाल्या, आणि उरलेल्या पिठात थोडी कोरडी पिठी मिसळली. नंतरचे सगळे नीट झाले आणि चाळणीत उभे करून निथळत ठेवले गेले.

फराळातला सगळ्यात भीतीदायक पदार्थ हा. नव्या सुनांची परीक्षा म्हणून बदनाम. पण या घरासाठी सगळ्यात सुरक्षित हाच. गिरणीत जावं लागत नाही, हिंग लागत नाही, तुपाची कढई स्वतंत्र असते. सोपे म्हणून आपण ज्यांच्याकडे वळलो, ते शंकरपाळे या मुलीला चालत नाहीत.

शंकरपाळ्यांचेही प्रयोग झाले होते. तांदळाचं पीठ, थोडं साबुदाण्याचं, बांधणीसाठी इसबगोल. ग्लुटेनचं काम पीठ ताणून धरणं. ते नसलं की पोळी लाटताना चिरते आणि तळताना शंकरपाळे फुटतात. इसबगोल पाण्यात फुगून तेच काम काहीसं करतो. आमच्याकडच्या बायकांना त्याहून जुना उपाय माहीत आहे, तो म्हणजे उकड. उकळत्या पाण्यात पीठ घातलं की त्यातलं पिष्ट फुगतं, चिकटतं आणि वळता येतं. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरीसाठी हेच करतात, उकडीच्या मोदकांचं सगळं शास्त्र हेच. तरीही ते शंकरपाळे मी चाखले आणि माझं मत पक्कं झालं. ते वाईट नव्हते, पण तोंडात ठेवल्यावर मन मैद्याशी तुलना करत राहतं आणि दर वेळी हे हरतात. नकलेपेक्षा ज्यांची ओळखच तांदळाची, डाळीची किंवा नाचणीची आहे ते पदार्थ ताटात आणावेत. बेसनाचे लाडू आहेत (जाडसरपणासाठी रवा घालायची सवय तेवढी मोडावी), मुगाचे आहेत, नाचणीचे आहेत. कडबोळी, शेव आणि नारळाच्या वड्याही आहेत. ताट भरतं.

या बाबतीत गोव्याने आणि दक्षिण कोकणाने आपल्याला केव्हाच मागे टाकलं आहे. नरकासुराचा पुतळा पहाटे जाळायचा, अंघोळ करून तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं आणि मग पानावर पोहे. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गुळाचे, फोडणीचे तिखट, बटाट्याचे. एकाच धान्याचे इतके अवतार आणि शेजारीपाजारी एकमेकांकडे जाऊन खायचे. मूळची फोंड्याची एक मैत्रीण आता पुण्यात राहते. तिने गेल्या वर्षी या मुलीला पहाटे घरी बोलावलं. "तिला काहीच विचारावं लागलं नाही," मैत्रीण म्हणाली. "फोडणीत मी हिंग घालतच नाही." ती मुलगी पाचही प्रकार दोनदा घेऊन जेवली.

एरवी विचारावं लागतंच. आणि विचारणं हे आपल्या पाहुणचारात उद्धटपणाच्या फार जवळ असतं. समोर ताट आलं आणि पोर म्हणालं, "काकू, यात काय काय घातलंय?" तर काकूंचा चेहरा पडतो. म्हणून आईने सुरुवातीला फोन करून आधीच कळवायचा मार्ग धरला. त्याचा परिणाम असा, की यजमानीणबाई घाबरून खास तिच्यासाठी काहीतरी करायच्या, प्रेमाने, पण त्याच पोळपाटावर, त्याच तेलात. अशा प्रेमाने केलेल्या पदार्थाला नको म्हणणं तर आणखी कठीण. आता मुलगी स्वतःचा डबा घेऊन जाते. त्यात चकली, चिवडा, अनारसा. इतरांबरोबर बसून तोच खाते आणि यजमानांपुढेही धरते. फळ मात्र त्यांच्याकडचं मागते. "काहीतरी त्यांच्या हातचं खाल्लं की त्यांना बरं वाटतं," असं मला तिनेच सांगितलं. केळ्यावर यजमानांचं समाधान होतं, हा शोध चौदाव्या वर्षी लागणं काही थोडकं नाही. सत्यनारायणाला गेलं तर शिऱ्याचा प्रसाद कपाळाला लावून भावाच्या हातात द्यायचा आणि तीर्थ घ्यायचं, अशी घरची रीत ठरली आहे. मग हात धुवायचे. पीठ हाताला लागल्याने काही होत नाही, ते तोंडात जाता कामा नये.

आणखी एक अडचण फॅशनची आहे. वजन उतरवायला, त्वचा उजळायला, उगीचच गहू सोडणाऱ्यांची संख्या वाढली आहे. त्याचा एक फायदा झाला. दुकानात पिठं मिळू लागली, ठाणे-डोंबिवलीच्या गृहउद्योगांतल्या बायका ग्लुटेनशिवायच्या फराळाच्या ऑर्डरी घेऊ लागल्या. तोटा असा, की कुणी "ग्लुटेन चालत नाही" म्हटलं की समोरचा मनात हसतो, आणि वाढताना थोडं इकडेतिकडे झालं तर काय, असं धरून चालतो. गृहउद्योग चालवणाऱ्या एका बाईंनी मला सरळ सांगितलं, "डाएटवाल्यांना मी देते. आजारवाल्यांना नाही म्हणते. माझ्याकडे कढई एकच आहे." मला त्यांचा हा प्रामाणिकपणा चकचकीत पाकिटांपेक्षा जास्त मोलाचा वाटला. आणि ज्यांना खरंच शंका आहे त्यांच्यासाठी एक सूचना. तपासणीआधी स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. गहू बंद केला की रक्तातल्या खुणा ओसरतात, आतडं भरून येऊ लागतं आणि अहवाल खोटा दिलासा देतो. आधी तपासणी, मग पथ्य.

या घरी भाऊबीजेला दर वर्षी वाद ठरलेला. धाकट्या भावाला श्रीखंड-पुरीच हवी. पूर्वी आई पुऱ्या टाळायची. आता मुलीनेच सांगितलं की कर त्याच्यासाठी, तळणीच्या वेळी मी गच्चीत जाते, पीठ उडायचं थांबलं की येते. तिच्यासाठी तांदळाचे वडे होतात, कोकणी पद्धतीचे, उकड काढून थापलेले, आधी तळलेले. भाऊ स्वतःच्या पुऱ्या संपवून तिच्या वड्यांवर डोळा ठेवतो. ती त्याला देत नाही, ओवाळणी किती घातली ते आधी बघते.

मी निघालो तेव्हा आईचं गिरणीवाल्याशी फोनवर बोलणं चाललं होतं. घरघंटी नेमकी बिघडली होती, आणि कार्तिकी एकादशीच्या आधी जातं कुठल्या दिवशी उघडणार ते तिला हवं होतं. पलीकडून वार आणि वेळ सांगितली गेली. "साडेसातच्या आत आणते," ती म्हणाली, "आणि माझ्या आधी कुणाचा गहू घेऊ नका."